हौसेचं नाव

औसा,
ता. १२ एप्रिल १९८४

ती. गुणाआक्का यांस,
सिंधूचा साष्टांग नमस्कार. इकडं सगळे बरे आहोत. विष्णुपुरीला तुम्ही सगळे खुशाल असाल.

तुमच्याजवळ गोदावरी आहे. आमची विहीर संक्रांतीलाच आटली. टँकर आला की भांडणं, आणि त्यात आपली माय सगळ्यांच्या पुढं. परवा तिचा आवाज ऐकून टँकरवालाच घाबरला.

दुष्काळ पाण्याचा, बारशांचा नाही. गल्लीत दोन पिंक्या झाल्या, तीन राजेश झाले. नागम्माच्या नातीचं नाव डॉली. म्हातारी तिला ‘डाली’ म्हणते.

आपल्या घरी मात्र माझ्या पोरीचं अजून ‘दगडी’च चालू होतं. तुम्ही पाळण्यात वाकून मनीषा नाव ठेवलंत, तेव्हा माय फणकारली होती, “आधीच्या दोघान्ला हौसेची नावं ठिवली, काय झालं? हिला दगडीच म्हनायचं. दगडाला कोन न्हेतंय?” मी गप्प बसले. तुम्हाला वाटलं असेल, मला राग आला. राग नव्हता, आक्का. संजय आणि नीता ही नावं मीच निवडली होती. दोघंही वर्षाच्या आत गेली. त्या भीतीनं मी या पोरीला कधी नावानं बोलावलंच नाही. ‘ए बाई’ म्हणत राहिले.

गेल्या आठवड्यात तिला जुलाब लागले. डोळे खोल गेले. तुमचे भाऊ खडीच्या कामावर, म्हणून मी आणि मायनं एसटीनं लातूर गाठलं. नवा जिल्हा झाल्यापासून दवाखान्यात ही गर्दी! नर्सबाईंनी पोरीचं नाव विचारलं आणि माझी जीभच उचलेना. वाटलं, नाव घेतलं की हीही जाईल.

तेवढ्यात माय पुढं झाली. “मनीषा लिवा. तिच्या आत्यानं ठिवलंय.” मी बघतच राहिले. तर मला म्हणाली, “दगडी म्हनून बी दुखनं आलंच की. पोरीला तिचं नाव हाय.”

सलाईन लावलं, पोर वाचली. आता दुधात कुस्करलेली भाकरी खाते.

आक्का, तुम्ही नाव ठेवलं नसतं, तर भीतीपायी मी लेकीला बिननावाचीच वाढवली असती. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

काल दारात उभी राहून मी तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली. ओ कुठली देतेय, पण रांगत आली. मग मी हाका मारतच राहिले. शेवटी माय आतून ओरडली, “आगं, किती येळा? पोरीला दम तर खाऊ दे!”

आपली भावजय,
मनीषाची आई