एका पन्ह्याची गोधडी

लातूर,
१६ मे

प्रिय प्रियदर्शनी,

पत्राची सुरुवात तक्रारीनं करतो आहे, त्याला इलाज नाही. मागच्या आठवड्यात मी तुला गोधडीच्या टाक्यांचे सतरा फोटो पाठवले. प्रत्येकाखाली टाक्याचं नाव, तो दाखवणाऱ्या बाईचं नाव आणि नवशिकीला तो जमायला किती दिवस लागतील, हे सगळं एका बोटानं टाइप केलं. दीड तास लागला. उत्तरादाखल तुझ्याकडून एक पिवळा अंगठा आला. गुरूला अंगठा देण्याची प्रथा आपल्या घराण्याला कधीच मान्य नव्हती, आणि मी तर तो मागितलाही नव्हता. तरी सदर अंगठा साभार परत करत आहे. त्याच्या बदल्यात चार ओळी मिळाव्यात, ही विनंती.

आता संशयाकडे येतो. मार्चमध्ये तू फोनवर म्हणालीस की मला एक गोधडी शिवायची आहे, पहिलीच आहे, जमेल अशी एखादी नक्षी शोधून द्या. मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि तुझ्या आईकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच पाहत होती. सातवीत हस्तकलेच्या परीक्षेला तुझा रुमाल तिनं शिवून दिला होता आणि तुमच्या बाईंनी त्याला पंचवीसपैकी अठरा गुण दिले होते. उरलेले सात कुठे गेले, हे तुझ्या मातोश्री भामाबाई अजून विचारतात. शर्टाचं बटण तुटलं तर जी मुलगी शर्टच बदलते, ती नांदेडच्या बेचाळीस डिग्रीत गोधडी शिवायला बसते, यावर कोण विश्वास ठेवेल? धूर दिसला की खाली विस्तव असणारच, हे आम्ही तर्कशास्त्रात घोकलेलं. घोकताना एवढं मात्र कुणी सांगितलं नाही की विस्तव आपल्याच लेकीच्या घरात असला, तर माणूस आधी धुराचीच तारीफ करत बसतो.

तुझ्या आईचं अनुमान पाच मिनिटांत पुरं झालं. तिनं पेटी उघडली, जुनी मऊ सुती लुगडी काढली, धुतली, वाळवली आणि वीतभर वीतभर दुमडून ठेवली. मला तिनं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, पण दुधाच्या केंद्रावर रांगेत उभा असताना बोटांवर महिने मोजून पाहिले. मग रविवारी तिनं तुला आडून आडून विचारलं आणि तू म्हणालीस, तसं काही नाही, आई, आणि सध्या तसं काही होणारही नाही. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आईनं मला दोन दिवसांनी सांगितला. लुगडी अजून बाहेरच आहेत, पेटीत परत गेलेली नाहीत.

त्यानंतर मी स्वतःचे संशय काढले. पहिला असा की तू मोबाइलवरून गोधड्या विकण्याचा धंदा काढणार. दुसरा असा की तुमच्या ऑफिसात महिला दिनाची एखादी उशिरा सुचलेली स्पर्धा आहे. दोन्ही मी गौसियाबींसमोर मांडले. मागच्या गल्लीतल्या गौसियाबी तुला आठवत असतील, तुझ्या शाळेच्या दप्तराला त्यांनीच दोनदा तळ लावून दिला होता. त्यांनी दोन्ही संशय ऐकून घेतले आणि सुईत दोरा ओवला. मग मी मे महिन्याचा मुद्दा काढला. त्यावर म्हणाल्या, मास्तर, तुम्ही छत्री पावसात शिवता का? गोधडी उन्हाळ्यातच शिवतात, ऊन कडक असतं, कापड वाळतं, बायांना फुरसत असते. एवढी वर्षं शाळेत शिकवून तुम्हाला एवढंही ठाऊक नाही, हे त्या बोलल्या नाहीत, पण तसं बघितलं.

शिकवलं मात्र मन लावून. आधी अस्तर अंथरायचं, त्यावर जुन्या कापडांचे थर, वरून चांगलं कापड, आणि मग काठाकडून आत धावदोरा घालत जायचं. चौकटीत चौकट, चौकटीत चौकट, शेवटी मध्यावर पोचायचं. हे नवशिकीचं. ज्यांचा हात बसला आहे, त्यांनी मग काठाला मासोळी टाका घालावा, कोपऱ्यात गव्हाच्या दाण्यांसारखे टाके घालून कणीस काढावं, दोन चौकटींच्या मधे साखळी फिरवावी. फोटोवर माझा भरवसा नव्हता म्हणून मी वहीतही आकृत्या काढून घेत होतो. माझा मासोळी टाका पाहून त्यांनी विचारलं, हा साप कशानं मेला? त्यांची सून आतून हसत होती. ‘पोरीला म्हणावं, पहिल्या गोधडीत नक्षी मोठी धरू नको,’ एवढं मात्र त्यांनी गंभीरपणे सांगितलं, कारण मोठी नक्षी चुकली की उसवत बसावं लागतं, आणि उसवलेलं कापड पुन्हा तसं होत नाही. मी लिहून घेतलं.

अंगठ्यानं माझं समाधान झालं नव्हतं. वाटलं, आणखी चांगली नक्षी पाठवली तर तू आणखी थोडं बोलशील. गौसियाबी म्हणाल्या होत्या की कोपऱ्याची जुनी फुलं बघायची तर देवणीला सिद्धम्मांकडे जा. पेपर तपासून झालेले, सुट्टी लागलेली, म्हणून या मंगळवारी एसटीनं गेलो. इस्त्रीची पँट, हातात वही, आणि घरोघरी एकच प्रश्न, तुमच्याकडे गोधड्या किती. सगळी गल्ली सावध झाली. एका बाईनं न विचारता रेशनकार्ड आणून दाखवलं. दुसरी म्हणाली, एकच आहे आणि तीही फाटकी, आणि तिच्या पाठीमागे भिंतीवर चार नव्या वाळत होत्या. माझ्याकडे इतक्या संशयानं आजवर फक्त नववी ‘ब’नं पाहिलं आहे. मी संस्कृत शिकवतो म्हटल्यावर तर एका पोक्त गृहस्थांनी आडनाव विचारलं, ते ऐकून थोडे थांबले, आणि मग चहा सांगितला. ती थांबण्याची लांबी मी तीस वर्षं मोजतो आहे. आता बरीच कमी झाली आहे.

सिद्धम्मा सत्तरीच्या. गोठ्याच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर अर्धी गोधडी. त्या तिला कवदी म्हणतात, तिकडे कर्नाटक दोन हातांवर असल्यानं शब्दही ये-जा करतात. कोपऱ्यातली फुलं दाखवली. मध्यावर शेवटची चौकट मिटवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात, कवदी उपाशी राहू नये म्हणून, हेही सांगितलं. मी म्हटलं, मुंग्या लागतील. त्या म्हणाल्या, मुंग्यांनी बी खावं. मग त्यांनी विचारलं, तुमची किती पन्ह्याची? मला पन्हा म्हणजे कापडाची रुंदी एवढं माहीत होतं, पण उत्तर माहीत नव्हतं. म्हणून तिथूनच तुला फोन केला. तू ऑफिसात होतीस, घाईत होतीस. म्हणालीस, एकाच पन्ह्याची, बाबा, आणि लांबी माझ्याएवढी. मी ते तसंच्या तसं, गोठ्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. चांगला विद्यार्थी सांगतो तसं.

सिद्धम्मांची सुई थांबली नाही. त्यांनी एक टाका घातला, दुसरा घातला आणि विचारलं,

‘लेकीचं लगीन झालंय न्हवं, मास्तर?’

झालंय, म्हटलं, तीन वर्षं झाली. आणि हे म्हणता म्हणता मला कळलं. लुगड्याच्या एका पन्ह्यात एकच माणूस मावतं. लग्न झालेल्या मुलीची गोधडी दोन पन्हे जोडून करतात, हे देवणीच्या कुठल्याही बाईला सुई हातात न घेता ठाऊक असतं. अनुमानाचे सगळे भेद मुखोद्गत असलेला मी ते सिद्धम्मांसमोर मोठ्यानं बोलून मोकळा झालो होतो. त्यांनी मान वर केली नाही. गाईकडे बघून म्हणाल्या,

‘दोन पन्ह्याचीच शिव म्हणावं तिला. माणूस येकलं असलं तरी कूस बदलतंयच की.’

परतीच्या बसमध्ये मी काय केलं असेल, तर बेरीज. जानेवारीत आम्ही नांदेडला तुमच्याकडे आलो, तेव्हा हॉलमधल्या दिवाणावर उशी होती आणि उशीखाली तुझा चष्मा. तू म्हणालीस, आतल्या खोलीत पंख्याचा फार आवाज होतो. तुझ्या आईनं दुपारी आत जाऊन पंखा लावून पाहिला होता, आवाज होत नव्हता. तिनंही मला हे परवाच सांगितलं. आमच्या घरात बातमी फार सावकाश चालते. प्रीतमरावांनी अर्धापूरहून केळीचा अख्खा घड आणून आमच्यापुढे ठेवला, नमस्कार केला, आणि दोन दिवसांत तुमचं आपसात बोलणं झालं ते फक्त गॅसच्या नंबराविषयी. मी ते पाहिलं आणि कामाचा ताण असं नाव देऊन बाजूला ठेवलं. आता दर रविवारी ते स्वतःहून फोन घेतात आणि सगळं मजेत आहे म्हणून सांगतात. मी विचारलेलं नसताना. तीन वर्षांत या गृहस्थांनी मला कधी फोन केला नाही आणि आता मजेत असल्याचं आठवड्याला कळवतात, हे मला पसंत नाही. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझ्याजवळ पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी लिहिणार नाही. ते चांगले असतील. चांगल्या माणसाबरोबरही एखाद्याचं जमत नाही.

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे. फोन टेबलावर पडलेला असतो आणि त्यावर कुणाचीही नजर जाते. सोबत वहीची आठ पानं आहेत. साप मेलेला आहे, तो वगळ. आईनं लुगडी दोन पन्ह्यांच्या गोधडीला पुरतील अशी निवडली आहेत. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तिनंच निवडली. सुया गौसियाबींनी दिल्या, पैसे घेतले नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो, मग सही करतो. जानेवारीत निघताना नांदेडच्या बसस्टँडवर आई पाणी आणायला गेली होती. तू माझी पिशवी धरून उभी होतीस आणि म्हणालीस, ‘बाबा, मी थोडे दिवस लातूरला येऊ का?’ आणि मी तुला विचारलं, ‘प्रीतमरावांना विचारलंस का?’ तू हसलीस, बघते म्हणालीस, आणि पिशवी मला दिलीस. बस सुटली, तेव्हा मी परीक्षेच्या वेळापत्रकाचा विचार करत होतो. प्रियू, मला लोकांची भीती नाही, नातेवाइकांची तर नाहीच नाही, तुझ्या आईनं तुझी खोली झाडून ठेवली आहे. ये. थोडे दिवस ये, पुष्कळ दिवस ये, मी कारण विचारणार नाही. पण त्या साध्या प्रश्नाला हो म्हणायला मला चार महिने लागले, आणि तेवढ्यात तू मला विचारणंच सोडून दिलं असशील, ही एकच गोष्ट आहे जी मला झोपू देत नाही.

सप्रेम जय भीम.

तुझाच, उशिरा समजणारा,
बाबा