ओतिलियासाठी रचलेलं लाकूड

३ डिसेंबर, दुपार

आजपासून रोज लिहायचं. वही शेतावरच्या पॅकिंगच्या शेडमधून उचलली. तिसरीत शाळा सुटली तरी माझं अक्षर वाईट नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "फिदेन्सिओ, अक्षरात दम आहे तुझ्या, डोक्यात कधी येईल?" आला आता.

विषय: घर. घरमालकीण दोन्या त्रिनीने आज तोंडावर सांगितलं. (दोन्या म्हणजे बाई.) २ फेब्रुवारीच्या कान्देलारियाच्या सणापर्यंत या घरात उंदीर, विंचू, झुरळ, काही म्हणजे काही दिसलं नाही, तर मागची खोली माझी आणि माझ्या होणाऱ्या बायकोची, ओतिलियाची. दिसलं तर खोलीला कुलूप आणि मी अवजारांच्या खोपटात. म्हातारी एकटी आहे. मातीच्या विटांचं घर ऐसपैस आहे. थंडी पडली की वाळवंटातलं सगळं आत घुसतं म्हणाली, "आणि या वर्षी तूसुद्धा."

दोन महिने आहेत. मला एक पुरे. उरलेल्यात भिंतींना रंग देईन.

६ डिसेंबर, रविवार

दुकानातून ओतिलियाला फोन. सगळं कंट्रोलमध्ये आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "अजून सुरुवात तरी केलीस का?" मी म्हणालो, प्लॅन झालाय. ती म्हणाली, १ फेब्रुवारीला येते, पण एक जरी उंदीर दिसला तरी हातातली पिशवी खाली ठेवणार नाही, त्याच बसने परत. तिच्या धाकट्या भावाचा कान पाळण्यात असताना उंदराने कुरतडला होता. तेव्हापासून हे असं. बायकांना एखादी गोष्ट लागून राहते. मी गॅरंटी दिली.

८ डिसेंबर

लाकडाला सुरुवात केली! शतावरीची कापणी जानेवारीत, तोवर हात मोकळे. मेस्कीटचं वाळलेलं लाकूड, पोलादासारखं कठीण. आमच्या पुएब्लाच्या डोंगरात लग्न ठरलं की नवऱ्या मुलाने लाकूड रचायचं. घराच्या भिंतीला चिकटून, छपराखाली, म्हणजे पावसात भिजत नाही. मुलगी येते, बघते. पटलं तर वरचा एक ओंडका स्वतःच्या हाताने काढते आणि चूल पेटवते. झालं लग्न. चर्च नंतर.

मागच्या खोलीच्या भिंतीला लागून पहिली रांग लावली. दोन्या त्रिनी बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "अरे ग्वाचो, लाकूड घरापासून लांब टाक. त्या कुंपणापलीकडे." लांब! म्हणजे उघड्यावर! मी फक्त हसलो. (ग्वाचो म्हणजे दक्षिणेकडून आलेला माणूस. इकडे प्रेमाने म्हणतात.)

११ डिसेंबर

म्हातारी विसराळू होत चालली आहे. पिकअपचं बॉनेट सताड उघडं, आत दिवा लटकवलेला. विचारलं नाही, उगाच तिला वाईट वाटायचं. गुपचूप दिवा काढला, बॉनेट बंद केलं. चांगलं काम बोलून दाखवू नये.

१२ डिसेंबर

पिकअप चालू होत नाही. इंजिनाच्या वायरी रात्रीत कुणीतरी खाल्ल्या. आज ग्वादालुपे मातेचा दिवस, दोन्याला चर्चला जायचं होतं. दोन तास चालत गेली, काळा रुमाल बांधून. जाताना म्हणाली, "बॉनेट उघडं असलं की इंजिन थंड राहतं, उजेड राहतो, उंदीर येत नाही. इथली शेंबडी पोरंसुद्धा हे जाणतात." मग कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. सगळी माहिती दिल्याशिवाय माणसाने काम कसं करायचं?

एक नवीन रांग रचली. मन शांत झालं.

१५ डिसेंबर

माझा कंगवा गेला. त्या जागी चोया निवडुंगाचा काटेरी गोळा. हात घातला. तीन काटे, पकडीने काढावे लागले. शेतावरचा केनो इथलाच, काबोर्काचा. तो पोट धरून हसला. म्हणाला, हा देवघेव्या उंदीर. तोंडात काही घेऊन चाललेला असतो, वाटेत काही चकचकीत दिसलं की तोंडातलं टाकतो आणि ते उचलतो. चोरी नाही, अदलाबदल. मी म्हणालो, म्हणजे त्याला व्यवहार कळतो. केनो म्हणाला, "तुझ्यापेक्षा जास्त."

ज्याला व्यवहार कळतो त्याच्याशी बोलणी करता येतात. विचार चालू.

१८ डिसेंबर

ओतिलियाने पाठवलेली लाल रिबन खिळ्यावर लावली होती. गेली. बदल्यात कोयोटचं की कुणाचं हाड. हे बरोबर नाही. रिबनच्या बदल्यात निदान काही रंगीत हवं होतं.

२४ डिसेंबर, सकाळ

मोठा दिवस. जाळी, सिमेंट, काचेचे तुकडे. घरातलं एकूण एक भोक बुजवलं. सतरा भोकं! हात फाटले. दोन्याने तमाल केलेत, मक्याच्या पिठाचे, वाफवलेले, इकडचे सुके, बोटाएवढे, आमच्याकडच्यासारखे केळीच्या पानातले नाहीत, पण बोललो नाही. भिंत दाखवली. तिने हात फिरवला, म्हणाली, "काम चांगलंय. ते बाहेर आहेत हे बघितलंस ना आधी?"

२६ डिसेंबर

भिंतीच्या आतून खरखर. म्हणजे ते आत होते.

टेक्निकली भिंत म्हणजे घर नव्हे.

२९ डिसेंबर

दोन भोकं पुन्हा उघडली, त्यांना बाहेर जायला. बाहेरच्या बाजूची, लाकडाकडे निघणारी. त्यांना कळावं म्हणून मक्याचे दाणे टाकले.

लाकूड आता छातीपर्यंत आलंय. असं काम बघून आमच्या गावात लोक थांबले असते.

३ जानेवारी, रविवार

विंचू. या आठवड्यात चार. आणि नेमके शेगडीजवळच! बाहेर इतकी थंडी की बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरतो, मग हे येतात कुठून? मी भला मोठा भारा आणून शेगडीशेजारी ठेवतो, घर उबदार होतं, आणि तासाभरात एक विंचू शेपटी वर करून निघतो. दोन्याने भाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, धुराड्यातून येत असावेत. ती म्हणाली, "हो, सांताक्लॉजच्या पाठोपाठ."

ओतिलियाला विंचवांचं बोललो नाही. तिने विचारलंच नव्हतं.

९ जानेवारी

कापणी सुरू. पहाटे हात बधिर होतात, सुरी पकडता येत नाही. पण आता टेन्शन वेगळं. ओतिलियासाठी चांदीचे डूल घेतले होते, काडेपेटीत ठेवले होते. एकच उरलाय. दुसऱ्याच्या जागी शेळीची लेंडी.

१० जानेवारी

बोलणी सुरू. चकचकीत चमचा ठेवला, डूल परत मिळावा म्हणून. सकाळी चमचा नाही. अर्धं बटण आहे.

११ जानेवारी

दुसरा चमचा. एक गोगलगायीचा शंख आला. ऑफर सुधारतेय.

१४ जानेवारी

दोन्या विचारते, चमचे कुठे गेले? सूप पोळीने प्यायलो.

१७ जानेवारी, रविवार

ओतिलियाने तिकीट काढलं! दोन दिवस दोन रात्रींचा प्रवास. म्हणाली, "खरं सांग फिदेन्सिओ, घर कसं आहे?" मी म्हणालो, महाल. ती म्हणाली की आईने सांगितलंय, मुलगा थापाडा असेल तर त्याचं लाकूड बघ, लाकूड थापा मारत नाही. मी म्हणालो, लाकूड बघच तू.

फोन ठेवल्यावर तिथेच उभा राहिलो. माझ्यावर इतकं कुणी कधी सोपवलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "काही घ्यायचंय का, की नुसताच उभा आहेस?"

२२ जानेवारी

केनोकडून मांजर उसनी आणली. वाघासारखी आहे म्हणाला. कसला वाघ! घरात पाऊल ठेवत नाही. दिवसभर लाकडाच्या ढिगापुढे बसते, एका फटीत टक लावून. हाक मारली तर कान हलवते, मान नाही. तीन दिवस असंच. आळशी जात. परत करून टाकली.

२९ जानेवारी

पाच दिवस झाले! घरात एकही उंदीर नाही. खरखर नाही. काही जात नाही, काही येत नाही. दोन्या त्रिनीने पलंग सरकवून पाहिलं, पेटी उचलून पाहिली. म्हणाली, "दिसत नाही खरं काही. गेले कुठे?" मी म्हणालो, घाबरले. तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "पोरगी आली की खोलीत गरम पाणी ठेव. प्रवासाने पाय सुजतात." आणि घाईने आत गेली. मला वाटतं, तिचे डोळे भरले होते. कांदाही चिरत होती.

लाकूड छपराला टेकलं. बारा रांगा.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ

नीट लिहायचंय, म्हणून सगळं क्रमाने.

बस अकराला आली. ओतिलिया बारीक झाली आहे. वाटेत वाळवंट बघत होती. म्हणाली, "इथे झाडं उभी असतात तीसुद्धा नाइलाज म्हणून." घरी आलो. दोन्याने दारातच तिचे दोन्ही हात हातात घेतले. खोली पाहिली. कोपरे पाहिले. पलंगाखाली वाकून पाहिलं. पिशवी खांद्यालाच होती, पण चेहरा सैल झाला होता.

मग मी तिला मागे नेलं.

ती लाकडापुढे उभी राहिली. हात लावला. म्हणाली, "एवढं? एकट्याने?" ती हसली, डिसेंबरपासून मी ज्या हसण्याची वाट बघत होतो तसं, आणि टाचा उंचावून वरचा ओंडका ओढला.

आतून उंदीर बाहेर आला. मादी. पोटाला चार पिल्लं लटकलेली. पळालीसुद्धा नाही, आधी ओतिलियाकडे नीट पाहिलं. मागे काट्याकुट्यांचं अख्खं घर, माझ्या बारा रांगांच्या मधोमध. त्यात कंगवा, दोन चमचे, डूल, पिकअपच्या वायरी, आणि सगळ्यात आत पिल्लांसाठी अंथरलेली लाल रिबन.

ओतिलिया किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. ओंडका तिने परत जागेवर ठेवला, अगदी हळू, जसा होता तसा. म्हणाली, "तू त्यांना किती छान घर बांधून दिलंस."

बस पाचला होती. दोन्या तिच्याबरोबर चालत गेली. मीही गेलो, थोडा मागून. पिशवी तिने शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

२ फेब्रुवारी

सण. दोन्याने न विचारता किल्लीसाठी हात पुढे केला. तमाल खोपटात आणून दिले. चमचा नव्हता.

५ फेब्रुवारी

दोन्या म्हणाली, लाकूड हलव, आजच्या आज, चाळीस पावलं लांब, उघड्यावर, जमिनीपासून वर. केनोसुद्धा हेच म्हणतो. ऐकायचं ठरवलं. माणसाने शिकत राहावं. ओतिलियाला पत्र लिहितोय, की चूक कळली, सगळं लाकूड घरापासून हलवलं. हे तिला दुकानातल्या फोनवर सांगता येणार नाही, ती उचलत नाही.

सकाळपासून सहा रांगा हलवल्या. उंदरीण पिल्लं घेऊन शेवटच्या रांगेत सरकली आहे, तिला आज त्रास नको. चाळीस पावलं मोजली. तिथे नुसती वाळू, वर काही नाही. पाऊस आला तर सगळं भिजणार. गेल्या मार्चपासून आलेला नाही, पण यायचा झाला तर काय सांगून येतो?

म्हणून खोपटाच्या भिंतीला लावतोय. मी झोपतो त्या बाजूला, छपराखाली.