चालत्या बँडची तबकडी

दादर, मुंबई
ता. ८ फेब्रुवारी १९७१

ती. सिंधूताईस,
सहदेवचा जयभीम. वि. वि.

बाबाला आणि बँडच्या मंडळींना आज गाडीत बसवून दिलं. मलकापूरला उतरून एस.टी. धरतील. घरी ते काही सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहितो. ताई, सगळा फज्जा उडाला.

मी ज्या तबकड्यांच्या कंपनीत शिपाई आहे, तिथल्या साहेबाच्या मागं मीच भुणभुण लावली होती, की आमच्या बाबासारखी क्लॅरनेट वऱ्हाडात कोणी वाजवत नाही. त्यानं बोलावलं. काचेची खोली, खाली गालिचा, वर माईक, आणि हुकूम काय, तर पाय हलवायचा नाही! बाबाचा जन्म गेला वरातीपुढं चालत वाजवण्यात. उभं केल्याबरोबर सगळी चाल गेली. इंद्रभानचा ढोल एकीकडे, बाबा दुसरीकडे. बाबानं नकळत पाऊल टाकलं की साहेब काच ठोकायचा. शेवटी चहा पाजून वाटेला लावलं.

आणि बाबाला एवढी धाप कधीपासून लागते? मला काऊन नाही कळवलं? तबकडी आता नाही निघाली तर कधीच निघणार नाही, असं वाटून माझा जीव थाऱ्यावर नाही. उत्तर लगेच टाक.

मायला जयभीम. लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझा
सहदेव


चिखली
ता. १६ फेब्रुवारी १९७१

चि. सहदेवास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. लय शुद्ध लिहून राह्यला रे बाबू! मुंबईचं पानी लागलं वाटते. एक ‘काऊन’ तेवढा सुटला, तवा ओळखलं आपलाच हाय.

बाबा आल्यापासून आंगनात येरझारा घालून राह्यले. माय म्हनते, या मानसाच्या पायाले भिंगरी हाय. मी इचारलं तं भडकले. म्हने, उभ्यानं कोन वाजवते? मानसं चालतात म्हनून तं सूर पुढं जाते. तुह्या साहेबाले तबकडी पाह्यजे असन तं जयंतीच्या मिरवनुकीत ये म्हना, अन् आमच्यासंगं चाल म्हना.

दम्याचं लपवलं, कारन त्यायनं शपथ घातली होती. डाक्टर म्हनते, आता फुंकनं बंद. बाबानं सौदा केला, जयंतीपर्यंत फुंकतो, मंग क्लॅरनेट पेटीत. तवा साहेबाले कसंबी पटव. पुढच्या साली बाबा वाजवनार नाहीत. मायचा जीव खालीवर होऊन राह्यला, माहाबी.

माया पातळ करू नको.
तुही ताई
सिंधू


दादर, मुंबई
ता. १० मे १९७१

ती. ताईस जयभीम. वि. वि.

साहेब मिरवणुकीतून अजून परत आलाच नाही म्हण ना! जीपमध्ये मागं तोंड करून, मांडीवर मशीन घेऊन बसला होता, तसाच आता हापिसात बाबाच्या चालीवर पाय आपटतो. टेप लांबलचक झाली आहे. तबकडीच्या दोन बाजूंत थोडंच मावतं. बाकीचं टेपमध्येच पडून राहणार.

पण एक घोळ आहे. पेठेच्या वळणावर बाबाचा दम तुटला, तू तिथंच होतीस. टेपवर क्लॅरनेट एकदम बंद होते. नुसता ढोल आणि लोकांची पावलं. मग बाबा जोरात श्वास ओढतात आणि सोडलं होतं तिथूनच सूर उचलतात. साहेब म्हणतो, तेवढं कात्रीनं कापू, कोणाला कळणार नाही. ताई, मला उठता-बसता ती कात्री दिसते. बाबाला विचारून कळव. साहेबाला मी थोपवून धरलंय, पण किती दिवस?

पत्राची वाट पाहतो.
सहदेव


चिखली
ता. १८ मे १९७१

चि. सहदेवास आशीर्वाद.

घाई हाय, कार्डच टाकते. बाबाले इचारलं. म्हने, सूर उस्तादानं देले, ठेका इंद्रभानचा. तेवढा दम एकट्या माहा हाय. राहू दे.

सिंधू


चिखली
ता. ३ सप्टेंबर १९७१

चि. सहदेवास ताईचे अनेक आशीर्वाद.

तबकडी सुखरूप पोचली. लाउडस्पीकरवाल्या हिंमतरावानं ग्रामोफोन आनला अन् लिंबाखाली ठेवला. जयंतीपासून बाबा खाटेवरच, हे तुले ठाऊक हाय. सुई लागली. थोडा वेळ बसून ऐकलं, मंग पाय खाली टाकले. मी धराले गेली तं हात झटकला. अन् चालाले लागले रे! लिंबाभवती. मांगं माय, मी, इंद्रभान मांडीवर ठेका देत, हिंमतरावबी. वळनाची जागा आली अन् सारे थांबले. तबकडीनं श्वास ओढला, बाजूले बाबानं ओढला. दोनी एकच. बाबा हासले. माय अन् मी रडलो.

हिंमतराव दुसरी बाजू लावाले गेला तं बाबानं त्याचा हात धरला. म्हने, ते उद्या. उद्या झाली तं पुन्हा उद्या. तवापासून पहाटी उठतात, धोतराच्या सोग्यानं तबकडी पुसतात, ठेवून देतात. आता म्हनतात, सहदेव आल्यावर ऐकू.

तुले लवकर ये म्हनून लिहाले बसली. डाक्टर म्हनते, दिवाळीचं सांगता येत नाही. पन हात अडला. तू आला की दुसरी बाजू वाजन. मंग उद्यासाठी बाबा काय ठेवतीन?

ये बापा, लवकर ये. पन रिकाम्या हातानं येऊ नको. त्या टेपीत राह्यलेलं सारं साहेबाले मांगून आन.

वाट पाहनारी
तुही ताई
सिंधू