लाभाचं माप

४ एप्रिल
सासऱ्याचं पितळी माप रत्नमालानं साखरेच्या डब्यात घातलं! सून हाय का वैरीण? बिरोबा, नमस्कार मागून करीन, आधी हे बघ. तुझी जत्रा तोंडावर. पहिला बार आपल्या लोखंडी उखळाचा, घरचा मान हाय. त्याच मापानं तीन मापं दारू ठासायची, माझ्या हनुमाननं वात लावायची, आवाज दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत. अन् त्यात साखर?
ठरवलं. यंदा दारू मी सोता मोजणार. पोटच्या पोराचा जीव हाय, दुसऱ्यावर भरवसा नाय.

५ एप्रिल
हनुमाननं दारू आणली. काळी नाय, करडी. जुनी मिळत नाय म्हणे, ही बदलीची. भुश्यावाणी हलकी. रत्नमाला किचनचा काटा घेऊन आली. म्हणाली, आत्याबाई, जुनीच्या वजनाएवढी हिला भरू. म्हणलं, काट्यावर तुझी कणीक तोल. हनुमाननं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, वजनानं भरू नका, हलकी हाय, जास्त बसंल, उखळ फुटंल. मापानंच भरा.
ऐकलं? चौथी शिकलेली मी अन् दुकानदार एका मताचे.

६ एप्रिल
आजपासून रागवायचं नाय, असा नेम.
कचरू आला. आधी वात तोच लावायचा, दोन बोटं उखळानं खाल्ली. म्हणाला, साळूबाई, मोजताना तोंड एकाचंच असावं. म्हणलं, बोटं तुझी कमी, आकड्याचा धाक मला कशाला?
नेम उद्यापासून.

७ एप्रिल
मेंढरं देवळामागं बसंनात. उखळाकडं बघत उभीच. कुत्रंबी तिकडं जाईना. शकुन चांगला, जनावराला देवाची चाहूल लागते.
गुडघा लई दुखतोय. रत्नमाला मापून ओतंल, मी शेजारी बसून बघीन. म्हंजे मोजलं मीच.

८ एप्रिल, सकाळी
उखळ भरलं. पहिल्या मापाला मी 'लाभ' म्हणलं. पहिल्याला एक म्हणायचं नसतं, ज्वारी मापतानाबी नाय. तेवढ्यात शेजारची द्वारकाबाई गुलमंडीच्या बाजारातलं नवं लुगडं दाखवायला आली. काठ फिका. सांगितलं तसं तोंडावर. मागून रत्नमालाचं ऐकू येत होतं, एक, दोन, तीन. बरोबर तीन.
उखळ पार तोंडापर्यंत आलं. बरकत हाय यंदा. हनुमान म्हणाला, आई, जास्त वाटतंय. म्हणलं, वात लाव मुकाट्यानं.

९ एप्रिल
लाभ म्हंजेच एक! एवढं कळंना ह्या बाईला? तिला वाटलं लाभ देवाचा, मोजणीबाहेरचा. चार मापं गेली.
उखळाच्या चिंधड्या. एक तुकडा पत्रा फोडून थेट देवापुढं. हनुमान शहरात दवाखान्यात. हात शाबूत, भुवया जळाल्या, दोन्ही कान बंद. डॉक्टर म्हणाले, गॅरंटी नाय. आवाज किल्ल्यापर्यंत गेला, हे मात्र सगळे म्हणतात.
माझं काय चुकलं? मापानंच भरली ना?
पोलीस दवाखान्यातनं इकडं निघालेत म्हणे. दारू कुणी मोजली, इचारतात. मी झोपले म्हणून सांगायचं, घरात बजावलंय. रत्नमालानं तोंड उघडायचं नाय. जबाब हनुमाननंच द्यायचा. त्याला इचारलेलं ऐकू येत नाय.