हातावरचा आठवडा

अण्णा, आज दुपारी एक पोरगा दुकानात येऊन मला हसून गेला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. वाळूजच्या कुठल्या तरी कंपनीत इंजिनिअर आहे तो. आजोबांचं चावीचं घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं. झालं का म्हणाला, म्हटलं झालं. मग द्या की, म्हणाला. म्हटलं, आत्ता नाही, आठवडाभर माझ्या हातावर राहील आणि मग मिळेल. तो माझ्या डाव्या हाताकडे बघतच राहिला. मनगटालगत तुमचं घड्याळ, त्याच्यावर त्याचं, आणि आणखी वर एका मास्तरणीचं नाजूक लेडीज. "मावशी, तुम्ही माझं घड्याळ वापरताय?" वापरत नाही बाबा, चालवून बघतेय, असं म्हणून मी त्याला काटे दिसावेत म्हणून हात पुढे धरला. त्याला हसू आवरेना. हसू दे बापडा. एकदा घड्याळ घेऊन गेला की पुढची कित्येक वर्षं त्याला माझं तोंड बघावं लागणार नाही. हे मी गर्वानेच म्हणते आहे आणि बापापुढे म्हणायला मला अजिबात लाज वाटत नाही.

त्याला सगळं सांगत बसले नाही. काय सांगणार? मेंढरांपासून सुरुवात करावी लागली असती. सोयगावाकडचं पाणी आटलं, मेंढरं विकली आणि तुम्ही शहरात आलात, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. शहागंजातल्या घड्याळवाल्या उस्तादांनी तुम्हाला कामावर ठेवलं ते तुमचे हात बघून. मेंढीच्या खुरात रुतलेला काटा तिला कळू न देता काढणारे हात ते, त्यांना चिमटा धरायला शिकवावा लागला नाही. उस्तादांकडे घड्याळ दुरुस्त झालं की रात्रभर मेजावर ठेवायचं आणि सकाळी वेळ जुळली की गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. तुम्हाला ते काही पटेना. उभी मेंढी धडधाकटच दिसते, लंगडते की नाही ते चालायला लागल्यावर कळतं, असं तुमचं म्हणणं. म्हणून तुम्ही दुरुस्त केलेली घड्याळं हातावर चढवून आठवडाभर हिंडायला लागलात. उस्ताद कपाळाला हात लावायचे, "अरे, ये घडी है मियाँ, इसको बकरी नक्को समझो!" पण तुमच्या हातून गेलेलं घड्याळ पुन्हा तक्रार घेऊन येत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनीही ती रीत सुरू केली. ही गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की उस्तादांना कधी बघितलं नाही तरी त्यांचा आवाज मला पाठ आहे.

पैठण गेटजवळची आपली टपरी आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ती उठली आणि मी सिडकोत गाळा घेतला. गिऱ्हाईकं संभाजीनगर म्हणतात, तुमच्या वयाचे लोक अजून औरंगाबादच म्हणतात, मी समोरच्याच्या तोंडात येईल ते म्हणते. पण डोळे मिटले की मला टपरीच दिसते. मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर बसलेय. बारावी झाली आहे, पुढे काय ते ठरत नाहीये, आणि तुम्ही माझ्यापुढे सेलच्या घड्याळांचा ढीग सरकवला आहे. कंपन्या वाढत होत्या, आजूबाजूच्या गावांतून पोरं कामाला येत होती, आणि पहिल्या पगारात प्रत्येकाच्या मनगटावर सेलचं घड्याळ यायचं. मी एकदा कुरकुरले की असली खेळणी काय दुरुस्त करायची, फेकून नवं घ्यावं. तुम्ही डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे बघितलंत. "खेळणं तुला. गेटावर उशीर झाला तर त्याचा खाडा पडतो. त्याला हेच टाइम सांगतंय ना? मंग हे बी तसंच नीट झालं पायजे." त्यानंतर मी फुटलेल्या सेलचं पाणी उतरून गंजलेली पट्टीसुद्धा काडीने घासून अशी लख्ख करायला लागले की तुम्ही ती दिव्याजवळ धरून बघायचात आणि काहीच बोलायचा नाहीत. तुमचं न बोलणं म्हणजे पास, हे मला माहीत होतं.

मग चावीची घड्याळं आली आणि त्या कंडक्टरचा दिवस आला. त्याचं घड्याळ मी एकटीने उघडलं, पेट्रोलमध्ये धुतलं, तेल दिलं, जोडलं. रात्रभर मेजावर सेकंदही इकडचं तिकडं झालं नाही. सकाळी तो आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात ते त्याच्यापुढे धरलं, तोच तुमचा हात मध्ये आला. "चालवून बघितलं का?" म्हटलं, चालतंय की अण्णा, रात्रभर चालतंय. "मेजावर चालतंय. त्यो काय मेजावर बसून तिकिटं फाडतो का?" कंडक्टर खो खो हसला. मला इतका राग आला की दुपारचा डबा मी उघडला नाही. ते घड्याळ तुम्ही हातावर चढवलंत आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे पडायला लागलं. मला काही सुनावलं नाहीत, नुसतं माझ्यापुढे ठेवलंत. मी ते पुन्हा उघडलं.

पुढच्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची बोंब झाली आणि त्याच उन्हाळ्यात तुमचा हात थरथरायला लागला. आधी चिमटा पडायचा, मग स्क्रू. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी झोप तेवढी आली. एक दिवस तुम्ही हातावरची घड्याळं एकेक करून सोडलीत आणि माझ्यापुढे ठेवलीत. "माझ्या हातावर आता घड्याळाला खरं चालता येत नाय. तू घाल." तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र पट्ट्याचं भोक सापडेना. तेव्हापासून गड्यांची ती मोठमोठी घड्याळं हातभर चढवून मी टँकरच्या रांगेत उभी राहायचे. पाणी लागू नये म्हणून डावा हात वर आणि घागर उजव्या हातात. बाया सोडतात होय! "ए घडीवाली, टँकर कवा येतो ते बघ की जरा!" दुसरी म्हणायची, "तिच्या तीन घड्याळांत तीन टाइम असतील बघ." मी हात पुढे करून दाखवायचे, बघा, तिन्हींचे काटे सारखे. एक म्हातारी रोज येऊन तपासायची आणि खरंच सारखे निघाले की माझ्यापेक्षा तीच खूश व्हायची. लोक दुकान मिरवतात, गाडी मिरवतात. मी त्या रांगेत तुमचा हात मिरवत होते अण्णा.

एक घड्याळ मात्र तुम्ही मला दिलं नव्हतं. उस्तादांनी जाताना तुम्हाला दिलेलं ते. त्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. त्याची स्प्रिंग तुटली आणि ते बंद पडलं, तेव्हा तुम्हाला ते उघडवेना, आणि दुसऱ्या कुणाकडे द्यायला तुमचं मन होईना. शहागंजात तुमच्या बरोबरीचे कारागीर होते, त्यांच्याकडेही नेलं नाहीत. माझ्याकडेही दिलं नाहीत. महिनोन्‌महिने ते खणात पडून होतं. तुमच्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा पट्टा तेवढा उरला होता आणि तो हळूहळू उन्हाने भरत चालला होता. टपरी मी चालवत होते, गिऱ्हाईकं मला विचारत होती, पण ते घड्याळ खणात होतं तोवर मी तुमची मदतनीसच होते. दुसरं कुणी काही म्हणो, मला तसं वाटायचं. आतल्या आत जळायचे मी.

शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, पंखा बंद होता, तुम्ही खण उघडलात आणि ते माझ्यापुढे ठेवलंत. म्हणालात, "बघ." आणि उठून चहाला गेलात. मी ते उघडत असताना तुमच्याच्याने समोर बसवणार नाही, हे तुम्हाला माहीत असावं. मी नवी स्प्रिंग घातली, एकेक चाक धुतलं, सुईच्या टोकाने तेल दिलं. चावी दिली तर बॅलन्सचं चाक असं डोलायला लागलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंग धूसर झालं. तुम्ही परत आलात. मी म्हटलं, अण्णा, झालंय, आता आठवडाभर माझ्या हातावर राहू द्या. रीत तुमचीच होती, मी मोडणार नव्हते.

"नगं. दे इकडं," तुम्ही म्हणालात.

"चालवून नाही बघितलं अजून."

"तुझ्या हातचं हाय. चालंल."

आणि तुम्ही डावा हात पुढे केलात. तो थरथरत होता, त्यामुळे पट्टा मलाच लावावा लागला. उस्तादांच्या सांगण्यालाही न बधलेला माणूस माझ्या मेजावरचं घड्याळ तसंच उचलून हातावर घालून निघाला. त्या दिवशी मी टपरीचं शटर स्वतः ओढलं आणि घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. पुढे तुम्ही गेलात तेव्हा घाटी दवाखान्यातल्या नर्सने ते सोडून माझ्या हातात दिलं, तेव्हाही ते चालू होतं. तेच हे, आज माझ्या मनगटावर आहे.

हा कागद मी घडी करून सेलच्या खोक्याखाली ठेवणार आहे, तिथून तो कुठेच जायचा नाही. म्हणून एक सांगून टाकते. तुमचा विश्वास बसला होता, माझा बसला नव्हता. रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी वेळेची पीप वाजायची, बरोबर तेव्हाच मी तुमच्यापुढे चहा आणायचे, आणि कप देता देता चोरून तुमच्या मनगटावरचे काटे बघून घ्यायचे. सगळा आठवडा बघितले. एकदाही चुकले नाहीत. तुम्हाला याचा पत्ता लागू दिला नाही, अशा समजुतीत मी इतकी वर्षं काढली. पण आज त्या पोरापुढे हात धरला तेव्हा एकदम आठवलं. पीप वाजली की तुम्ही कप लगेच घ्यायचा नाहीत. उजव्या हाताने डावा हात घट्ट धरून, घड्याळ वर येईल असा, आधी माझ्यापुढे करायचात. मला वाटायचं, थरथर आवरताय.