आपल्या हवालदाराला मराठी येत नाही

अक्का,

तू आणि दाजी वळसंगहून पाणी घेऊन याल तेव्हा मी गाडीत नसेन.

सकाळी मी टेकडीवर निघालो तेव्हा आपला हवालदार शेपूट हलवत बरोबर आला. वाटलं, तूच सोडला असशील. काय गुणी कुत्रा! बस म्हटलं की बसला, चल म्हटलं की चालला. अज्जीच्या कानडीवर वाढलेला, 'बा इल्ली', म्हणजे इकडे ये, म्हटल्याशिवाय जागचा न हलणारा आपला कुत्रा एका टेकडीत मराठी शिकला, म्हणून मला लई कौतुक वाटलं.

खाली आलो तर हवालदार गाडीखाली, तू बांधलेल्या साखळीतच झोपलेला.

दुसरा आता पायरीशी बसलाय. डावा कान तसाच फाटका. आपला त्याच्यावर भुंकत नाही, नुसता पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा मान खाली घालून बसलाय.

दुसरा एकटा जाईना, म्हणून अंधार पडायच्या आत त्याला वर सोडून येतो. आपल्या हवालदाराला आत घे आणि कडी लाव. दाजींनी मेटॅडोरमध्ये खाटा बसवल्या, स्टोव्ह बसवला, पण दाराला काच ठेवली नाही. तेव्हा मी दार वाजवलं की आधी कानडीतच विचार. उत्तर मराठीत आलं तर उघडू नकोस. भाकरी मागितली तरी, रडलो तरी.

ही चिठ्ठी मराठीत आहे, कारण मला कानडी लिहिता येत नाही. उगीच काही मनात आणू नकोस.

तुझाच,
ईरण्णा