मानाच्या डुकराबद्दल

दादा,

बाजारातून आलास की आधी डुकराच्या खोलीत तू जा, वहिनीला पाठवू नकोस. डुकराला मी मारलंय. येत्या परवा देवळात त्याचं वजन करून त्याला देवाला बळी द्यायचं होतं, जितकं डुक्कर जड तितकं घराचं नाव मोठं, आणि आपल्या घराला हा मान पंधरा वर्षांनी मिळाला होता, हे मला ठाऊक आहे.

काल तू त्याच्या घशात नळी कोंबून भात ओतत होतास आणि ते रक्त ओकत होतं. मी म्हटलं, "दादा, पुरे कर." तू म्हणालास, "ताइपेईचे प्रोफेसर, याला पंखा आहे, मच्छरदाणी आहे. तुम्हाला आहे का?" मला नव्हती, हे खरं.

आज सकाळी बाबांचा लांब सुरा घेतला. एका घावात त्याची सुटका करणार होतो. नऊशे किलोंच्या जिवाला चरबी किती असते, हे पुस्तकात नव्हतं. पाच घाव लागले. वर्षभर ज्याला उठता येत नव्हतं, ते तिसऱ्या घावाला उठलं, माझा हात चिरडला आणि किंचाळत भिंतीवर आदळलं. तुझ्या नळीने त्याचे एवढे हाल कधी झाले नव्हते.

भिंती धुतल्यात, छत राहिलंय. हाताला टाके घालून घेतले की मी थेट देवळात जातो आणि दोष माझा आहे, असं सांगतो.

एक मात्र राहिलं. मारताना त्याच्या कानात 'पुढच्या जन्मी माणूस हो' म्हणायचं असतं ना? मी वाकलो, तर ते माझ्याकडेच बघत होतं. मला म्हणवलं नाही.

शिन-फा